चेतक आणि एम-८० : पत्र्याच्या शेडमधल्या नोंदी

३ नोव्हेंबर २०२४, रविवार (भाऊबीज)

परड्यातल्या शेडमधून आज दोन्ही गाड्या बाहेर काढल्या. काढायची होती चेतक, पण एम-८० तिच्या वाटेत आडवी उभी होती, म्हणून आधी ती निघाली. बजाजची चेतक स्कूटर १९८३ ची, बजाजचीच एम-८० दुचाकी १९९० ची. दोन्ही वडिलांच्या, म्हणजे आप्पांच्या नावावर, आणि दोन्ही गेली बारा-तेरा वर्षं बंद.

चेतक: दोन्ही टायर बसलेले, भेगाळलेले. सीटचा फोम उंदरांनी नेलेला. किक खाली जात नाही, म्हणजे पिस्टन जाम. प्लग काढून भोकातून डिझेल आणि ऑइल अर्धं-अर्धं सोडलं, आठवडाभर मुरू दे. हेडलाइटची काच शाबूत. डिकीत प्लग पाना, पॉलिश पेपरचा तुकडा आणि २०११ ची विम्याची पावती.

दुपारी ताई ओवाळायला आली. अंगणात शिरताच तिनं चेतकच्या हँडलवर हात ठेवला, क्लच दाबून बघितला, आरशाच्या दांडीवरून बोट फिरवलं. हातातली पिशवी तिनं एम-८० च्या कॅरिअरवर ठेवली. गाड्या एकाच घरातल्या, एकाच कंपनीच्या, दोन्ही टू-स्ट्रोक. एकीच्या वाट्याला हात आला आणि दुसरीच्या वाट्याला पिशवी. मीही तेच करत होतो. एम-८० ची अवस्था लिहून घ्यायला मी वहीसुद्धा उघडली नव्हती.

हे असं का होतं, ते मला या कामात समजून घ्यायचं आहे. सुट्या भागांच्या हिशेबाबरोबर तेही इथंच लिहीत जाईन.

१० नोव्हेंबर २०२४, रविवार

पायाखालचं रबर मॅट उचललं. खाली पत्रा असा नाहीच, तपकिरी पापुद्रे आहेत. स्क्रूड्रायव्हर टेकवला तर तो आरपार गेला. डेंटिंगवाल्या मिस्त्रीमामांना बोलावलं. त्यांनी बोटाच्या पेरानं फ्लोअर ठोकत ठोकत आवाज ऐकला आणि म्हणाले, "दादा, वर रंग हाय, खाली काय न्हाई. ह्यो पत्रा नुसता रंगानं धरलाय."

दोष आमचाच. शेडचा एक पत्रा फाटलेला आणि पावसाळाभर पाणी मॅटवर साचलेलं. चेतकला मोटरसायकलसारखी वेगळी चासी नसते. दाबून घडवलेला पत्रा हाच सांगाडा आणि हेच अंग, त्यामुळे फ्लोअर गेला तर गाडीचा कणाच जातो. मामांनी खालची आडवी पट्टी तपासली. ती टिकून आहे. गाडी वाचेल.

१७ नोव्हेंबर २०२४, रविवार

पिस्टन सुटला. मागचं चाक गिअरमध्ये टाकून हळूहळू पुढं-मागं हलवलं, तिसऱ्या हिसक्याला "टच" असा आवाज आला आणि किक खाली गेली.

आज इंजिन उतरवलं. ज्यांनी हे पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सविस्तर लिहितो, कारण या गाडीवर लोकांचा जीव का जडला त्याचा एक धागा इथं सापडतो. उजवं पॅनल काढायचं. मग क्लचची केबल, गिअरच्या दोन केबली, मागच्या ब्रेकची केबल, ॲक्सिलेटर आणि चोक, पेट्रोलचा पाइप आणि वायरींचा जोड सोडायचा. मग शॉकअपचा खालचा बोल्ट. शेवटी तो एक लांब बोल्ट, ज्यावर सगळं इंजिन झुलत असतं. तो ठोकून बाहेर काढला की बॉडीचं मागचं टोक उचलायचं. इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचं चाक एका तुकड्यात जमिनीवर राहतात आणि बॉडी हातात येते. ना चेन, ना क्रेन. मी आणि पुतण्या, दोघांत पाऊण तास लागला.

आप्पा ऑफिसात क्लार्क होते. मेकॅनिकीचा त्यांचा काही संबंध नव्हता. तरी प्लग काढणं, घासणं, तुटलेली क्लच केबल रस्त्याच्या कडेला बसून बदलणं त्यांना येत होतं. त्या काळच्या बहुतेक स्कूटरवाल्यांना यायचं. पेट्रोलमध्ये लिटरला २० मिली ऑइल घालायचं, जास्त पडलं की प्लग काळा व्हायचा. मग ते पॅनल उघडायचे आणि मी प्लग पाना हातात द्यायचा. गाडीचं आतलं अंग आम्हा मुलांना माहीत होतं.

पुतण्या म्हणाला, "मग सीडी-१०० चं काय?" त्याच्या मित्रांच्यात यामाहाच्या आरएक्स-१०० मोटरसायकलचा शोध चालू असतो. चांगली गाडी निघाली तर लाखाच्या वर भाव सांगतात. आरएक्स आली त्याच १९८५ साली हिरो होंडाची सीडी-१०० आली. फोर-स्ट्रोक, पेट्रोलला काटकसरी, न बिघडणारी. तिनं किती घरांचे महिन्याचे हिशेब सावरले असतील! तिच्या जाहिरातीतच सांगितलं होतं की पेट्रोल भरा, झाकण लावा आणि विसरून जा. लोकांनी खरंच तसं केलं. ती नीट करून घ्यायला कोणी आलेलं मिस्त्रीमामांनी एकदाही पाहिलेलं नाही. आरएक्सचा आवाज मात्र चार गल्ल्या ओळखायचा, आणि तो आवाज तसाच राहावा म्हणून मालकाला तिच्याकडे लक्ष ठेवावं लागायचं. जिच्यात हात घालावा लागला तिच्यावर जीव जडला, असं आज तरी वाटतंय.

२० नोव्हेंबर २०२४, बुधवार

मतदानाची सुट्टी. सकाळी मत देऊन आलो आणि कार्ब्युरेटर उघडला. फ्लोट चेंबरमध्ये मधासारखा घट्ट, पिवळट थर. जेट पेट्रोलमध्ये भिजवून तारेच्या एका बारीक केसानं साफ केले. बोटाला शाई, शाईवर काजळी. फ्लोटची सुई झिजलीय, नवी लागेल.

१ डिसेंबर २०२४, रविवार

काल हाफ-डे घेऊन सिलिंडर घेऊन उद्यमनगरात गेलो. कोल्हापूरला हे एक सुख आहे. लेथ, बोअर, फाउंड्री, गिअर कटिंग, सगळं चालत जाण्याच्या अंतरावर. लेथवाल्या काकांनी सिलिंडर हातात घेऊन आतून नख फिरवलं आणि गेज लावायच्या आधीच सांगितलं, "दोनदा बोअर झालाय. एकदा अजून होईल." गेजनं तेच सांगितलं.

चेतकचा बोअर ५७ मिलिमीटर आणि स्ट्रोकही ५७, त्यातून १४५ सीसी. सिलिंडर बिडाचा. बीड झिजलं की थोडं मोठं करायचं आणि त्या मापाचा पिस्टन घालायचा. गाव तिथं लेथ, त्यामुळे ही गाडी कुठंही पुन्हा नवी होऊ शकायची. काकांनी बोअर, होनिंग आणि पोर्टच्या कडा मोडून देण्याचे ९०० रुपये घेतले. पिस्टनवरचा बाण सायलेन्सरच्या पोर्टकडे ठेवायचा, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं, आणि दोन्ही वेळा मी "हो काका" म्हणालो.

काम होईपर्यंत तिथल्या बाकावर बसलो होतो. बाहेर एक एम-८० आली. दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन, कॅन अडकवायला सळईचे आकडे वेल्डिंग केलेले. अजून चालते. तिच्याकडे कुणाची नजर वळली नाही.

८ डिसेंबर २०२४, रविवार

सुट्या भागांसाठी पुणे. जुना बाजार आज भरतो म्हणून आजचाच दिवस धरला. दुकानांसाठी नाना पेठ काल करून घेतली. यादी: क्रँकची बेअरिंग आणि ऑइल सील, क्लच प्लेटा, केबलचा सेट, पॉइंट, कंडेन्सर, ब्रेक शू, फ्लोटची सुई, किकचं रबर. एक स्पीडोमीटर सोडला तर सगळं मिळालं. ४० वर्षांच्या गाडीचं ऑइल सील दुकानदार पाठीमागं न बघता हात घालून काढून देतो, ही सुद्धा जिव्हाळा टिकण्यामागची एक जमीन आहे. १९७१ मध्ये बजाजचा इटलीच्या पियाजिओबरोबरचा करार संपला, १९७२ मध्ये चेतक आली, आणि पुढं तीसेक वर्षं तोच सांगाडा थोड्याफार फरकानं चालला. भाग एकमेकींना लागतात.

जुन्या बाजारात एकाकडे प्रीमियर पद्मिनी मोटारीची पुढची जाळी आणि हबकॅप होते. ते घ्यायला दोघांची ओढाताण चाललेली. माझ्या डोक्यात तेव्हापासून प्रीमियरची ११८ एनई घोळतेय. तीही कुर्ल्याच्याच कंपनीची, १९८५ ची. निस्सानचं इंजिन, चालवायला पद्मिनीपेक्षा किती तरी सोपी. माझ्या मामांकडे होती आणि मी तीत बसलोय, चांगलीच होती. पण ११८ एनईची जाळी कुणी शोधत नाही. पद्मिनीनं मुंबईत टॅक्सी होऊन तीन पिढ्यांना स्टेशनवरून घरी पोचवलं. शेवटची नोंदणी झालेली पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ पासून रस्त्यावरून गेली, तेव्हा लोक तिच्याबरोबर फोटो काढत होते. ११८ एनई कधी गेली ते आठवणारं माणूस मला भेटलेलं नाही. ती फार थोड्या लोकांच्या दारात होती, आणि ज्यांच्या होती त्यांनी लगेच पुढची गाडी घेतली.

म्हणजे माझा आधीचा विचार अपुरा पडतो. हात घालावा लागणं एवढंच पुरत नाही, कारण हात तर एम-८० मध्येही घालता येतो. तिचं तर सगळं उघडंच आहे.

२२ डिसेंबर २०२४, रविवार

मिस्त्रीमामांकडे फ्लोअर कापला. नवा पत्रा मापानं कापून, पन्हाळी दाबून, आधी चार ठिकाणी टाके मारून धरला. मग मामा एक बोट वेल्डिंग करायचे आणि थांबायचे, ओल्या फडक्यानं थंड करायचे, मग दुसऱ्या टोकाला एक बोट. एका दमात वेल्डिंग केलं तर पत्रा पापडासारखा उठतो. सकाळी दहाला सुरू केलेलं काम दिवेलागणीला संपलं.

जुना रंग घासताना चार थर निघाले. वरून निळा, खाली राखाडी, त्याखाली पुन्हा निळा, सगळ्यात खाली फॅक्टरीचा हिरवा. लेगशील्डच्या, म्हणजे पायांपुढच्या उभ्या पत्र्याच्या, आतल्या बाजूला डावीकडे एक जागा अशी होती की तिथं एकही थर नव्हता. हाताएवढा पट्टा, पत्रा गुळगुळीत आणि जरा काळसर. मी टेप लावली. फ्लोअरपासून ४१ सेंटिमीटर.

तिथं माझे गुडघे टेकायचे. आधी ताईचे, मग माझे. उजवीकडे ब्रेकचा पेडल, म्हणून मुलानं डावीकडे सरकून उभं राहायचं, दोन्ही हात हँडलच्या मधल्या भागावर, आणि आप्पांची हनुवटी माझ्या डोक्याच्या वर. वारं आधी मला लागायचं, मग त्यांना. पाठीमागं आई एका बाजूला पाय सोडून बसलेली, तिच्या आणि आप्पांच्या मधे ताई. रंकाळ्यावरून घरी येताना मी उभ्या उभ्या पेंगायचो आणि आप्पा गुडघ्यानं मला सावरायचे.

तो पट्टा तसाच ठेवावा असं मनात आलं. मामा म्हणाले, वर्षभरात तिथून गंज सुटेल. त्यांचं बरोबर आहे. रेड ऑक्साइड मारून घेतला. माप मात्र इथं लिहून ठेवतो आहे.

५ जानेवारी २०२५, रविवार

रंगाचा प्रश्न. घरात तीन मतं. ताई म्हणते निळा, कारण तिला निळी आठवते. मला सगळ्यात खालचा हिरवा हवा. आईनं आप्पांना विचारा म्हटलं.

आप्पा आता ७९ वर्षांचे आहेत. पायरीवर बसून ते हे सगळं दोन महिने बघतायत आणि काही बोललेले नाहीत. मी विचारलं, "आप्पा, तुम्हाला कुठला बरा वाटतो?"

"कुठलाही दे. ती तुमची गाडी आहे."

मी म्हटलं, तुमचीच की. १९७६ ला नंबर लावला होतात, सात वर्षांनी लागला. आमच्या घरात "स्कूटरचा नंबर लागला" हे वाक्य एखाद्या लग्नाच्या तारखेसारखं सांगितलं जातं. सरकारनं परवानगी दिली तेवढ्याच गाड्या कारखान्यानं काढायच्या, त्यामुळे वर्षानुवर्षं वाट बघायची आणि लग्न ठरवताना "मुलाचा चेतकला नंबर आहे" हेही सांगायचं, तो काळ.

आप्पा म्हणाले, "वाट बघितली, खरं आहे. आली तेव्हा पेढे वाटले. पण मला ती आठवते तेव्हा उन्हात ढकलत नेलेली आठवते, नाहीतर पेट्रोलचे पैसे. मला विचारशील तर मला एम-८० ची आठवण येते."

मग बराच वेळ ते एम-८० बद्दल बोलले. इतकं सलग बोललेलं मी त्यांना अलीकडे ऐकलेलं नाही. पहाटे चारला उठायचं, शिवाजी पूल ओलांडून पलीकडच्या गावात जायचं, दोन कॅन भरून घ्यायचे, गंगावेशीपासून सुरू करून साडेसातपर्यंत घरोघर रतीब घालायचा, अंघोळ करून दहाला ऑफिस. सहा वर्षं. थंडीत पुलावर धुकं इतकं असायचं की हेडलाइटचा उजेड पुढच्या चाकापर्यंतच पोचायचा. "एक दिवस बंद पडली नाही. तुझ्या पॉलिटेक्निकची फी तिनं भरली. ताईच्या लग्नाचा मांडव तिनं घातला. तिच्यावर मी एकटाच बसलो, म्हणून तुम्हाला ती माहीत नाही."

मी गप्प बसलो. फीचे पैसे कुठून आले ते मला ठाऊक होतं, पण ते असं एका गाडीला जोडून कधी पाहिलं नव्हतं. त्या सहा वर्षांत मी रोज पहाटे तिचा आवाज अर्धवट झोपेत ऐकलाय आणि कूस बदललीय.

आज मला जे दिसतंय ते असं. जुन्या गाड्यांवर पैसे घालतात ते बहुतेक वेळा ज्यांनी चालवली ते नसतात, ज्यांना पुढं उभं केलं ते असतात. आता आम्ही पन्नाशीकडे झुकलोय, हातात थोडे पैसे आहेत, रविवार आहे. चेतकवर मुलासाठी जागा होती. पद्मिनीच्या मागच्या सीटवर होती. एम-८० वर एक सीट आणि दोन कॅन. तिच्या वाट्याला मूल आलंच नाही, म्हणून तिला पुढं आठवणारंही कोणी उरलं नाही. आणि एक गोष्ट लिहायला जड जाते, पण लिहितो: ती घरात होती हे मी कॉलेजात कुणाला सांगत नव्हतो. स्कूटर हौसेची, एम-८० गरजेची. गरजेच्या वस्तूबरोबर माणूस फोटो काढून घेत नाही. आमच्या अल्बममध्ये चेतक ११ फोटोंत आहे. एम-८० एकाही फोटोत नाही. आज संध्याकाळी पुन्हा पुन्हा बघितलं.

रंग हिरवा ठरला.

२६ जानेवारी २०२५, रविवार

रंग सुकून गाडी गेल्या आठवड्यात घरी आली. झेंडावंदन करून आलो आणि इंजिन बसवलं. गिअर ऑइल पाव लिटर. ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटचा गॅप ०.४ मिलिमीटर. किक मारली, काही नाही. तीस-चाळीस किका, काही नाही. प्लग काढून बॉडीला टेकवला, ठिणगी नाही.

पुलर लावून मॅग्नेट पुन्हा उघडला. कंडेन्सर नवा, पॉइंट नवे. शेवटी बॅटरीच्या उजेडात दिसलं: कॉइल प्लेटवरून निघणाऱ्या वायरीचं प्लास्टिक कडक होऊन तडकलंय आणि तांब्याची तार केसिंगला टेकतेय. दहा रुपयांची वायर. नवी वायर झाळली, वर स्लीव्ह चढवली. चौथ्या किकला सुरू झाली.

आधी पांढरा धूर, मग निळसर, मग तो टू-स्ट्रोकचा गोडसर वास सगळ्या परड्यात. आई स्वयंपाकघरातून कढईतला झारा हातात घेऊन तशीच बाहेर आली. आयडलिंगचा स्क्रू फिरवत फिरवत तो "टुक-टुक-टुक" जिथं बसायचा तिथं आणला. आप्पा पायरीवरून म्हणाले, "थोडी कमी कर." कमी केली. "हां. आता तशी आहे." सात वर्षं वाट बघितलेल्या गाडीचा ताल त्यांच्याही कानात होताच.

१२ फेब्रुवारी २०२५, बुधवार

कागदपत्रांचा दिवस. विमा झाला, पीयूसी झाली, पुनर्नोंदणीचा अर्ज आणि पर्यावरण कर भरला. १ एप्रिल २०२२ ला दुचाकीच्या पुनर्नोंदणीचं शुल्क ३०० वरून १,००० रुपये झालं होतं. नवी उच्च सुरक्षा पाटीही लावायची आहे.

रांगेत उभं असताना व्हिंटेज गाड्यांचा २०२१ चा नियम पुन्हा वाचला. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं पूर्ण झालेली, मूळ रूपात ठेवलेली दुचाकी किंवा चारचाकी. तिला वेगळ्या मालिकेचा नंबर मिळतो, पण रोजच्या वापराला ती काढता येत नाही, आणि धंद्याला तर नाहीच. आमची चेतक २०३३ मध्ये तिथं पोचेल. एम-८० २०४० मध्ये. मी दोन्ही सालं वहीच्या मागच्या पानावर लिहिली.

२३ फेब्रुवारी २०२५, रविवार

सकाळी सहाला आप्पांना मागं बसवून निघालो. त्यांनी रंकाळा नको म्हटलं. "पुलाकडे घे." गंगावेशीतून, दूध कट्ट्यावरून शिवाजी पुलावर. दुसऱ्या गिअरमध्ये गाडी जरा ओढते, क्लचची केबल अजून एक आटा सैल करायला हवी. पुलाच्या मधोमध त्यांनी खांद्यावर थाप मारून थांबायला सांगितलं. धुकं नव्हतं. पंचगंगेकडे बघत पाच मिनिटं उभे राहिले आणि म्हणाले, "चल, ऊन होईल."

घरी आल्यावर एम-८० शेडच्या तोंडाशी घेतली. तिची अवस्था आज पहिल्यांदा लिहितो. पुढचा टायर फाटलेला, मागचा अजून हवा धरतो. टाकी आतून गंजलेली. सायलेन्सरला भोक. डावा आकडा वाकडा, उजवा सरळ, दोन्हींवर कॅनच्या कड्या घासून खाचा पडलेल्या, डावी खाच खोल. किक जड, पण जाते.

प्लग काढला. भोकातून दोन चमचे ऑइल सोडलं आणि हातानं किक चार वेळा हळूहळू फिरवली. प्लग परत बसवला, टाकीतलं होतं नव्हतं ते पेट्रोल काढून टाकलं, शेडचा फाटका पत्रा बदलला. उद्या लेथवाल्या काकांना तिच्या पिस्टनचं विचारायचं आहे.